रिकाम्या फुटपाथचे पुस्तक

"आला का तुमचा पुस्तकवाला?" शिपायाने दारातून मान बाहेर काढून पुन्हा विचारले.

"येतोय, येतोय. खाली गाडी लावतोय," चावीवाला म्हणाला. त्याने फोन कानाला लावला होता, पण पलीकडून कोणी बोलत नव्हते हे बाकावरच्या सगळ्यांना कळत होते.

"मॅडम जेवायला उठायच्या आधी तुमचं संपवणार. दुपारून दुसऱ्या रस्त्याची माणसं आहेत. पुस्तक आलं तर ठीक, नाहीतर 'पुरावा नाही' असं लिहायचं नि फाइल बंद."

दार लागले. पालिकेच्या कचेरीच्या व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि वरचा पंखा फिरताना दर फेरीला एकदा टक् करत होता.

बाकावर चौघे बसले होते. टोकाला चावीवाला. त्याच्या शेजारी बूटकाका, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे बूट चकचकीत केले आणि स्वतः मात्र चपला घातल्या. मग फळवाली, आणि भिंतीला टेकून चेनमावशी. मावशीची लेक उभीच होती. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि ती मनगटावरच्या घड्याळाकडे असे बघत होती, जणू उशीर ते घड्याळच करत आहे.

चेनमावशीचे खरे नाव मतदारयादीपुरते उरले होते. दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली तिचे शिवणयंत्र असायचे. पँट आखूड करणे, बाही उसवणे, अस्तर लावणे अशी सगळी कामे ती करायची, पण तिची ख्याती होती ती चेनमुळे. दप्तराची, बॅगेची, जाकिटाची कसलीही हट्टी चेन तिच्या बोटांत आली की निमूट चालू लागे. "दात दुखला तर वर जा, दाते अडकले तर खाली," असे दवाखान्यातला डॉक्टरच गमतीने म्हणायचा. वयाने मोठे असलेले बूटकाकासुद्धा तिला मावशीच म्हणत.

आता तो रस्ता रुंद व्हायचा होता. फुटपाथवरची सगळी माणसे उठणार होती. मात्र ठरलेल्या वर्षाच्या आधीपासून आपण तिथे बसत होतो असे ज्याला दाखवता येईल, त्याला नव्या मंडईत कायमची जागा मिळणार होती. बाकीच्यांनी आपापली वाट धरायची. पुरावा काहीही चालेल, असे नोटिशीत लिहिले होते. पावती, कागद, फोटो, काहीही.

पण या माणसांकडे पुरावा कुठून येणार? मागे पुरावा राहू नये यातच त्यांची हयात गेली होती.

आणि मग चावीवाल्याला पुस्तक सापडले. चित्रांच्या एका दालनात काचेच्या पेटीचे कुलूप अडकले म्हणून त्याला बोलावणे आले. पेटी उघडून बघतो तर आत आपलाच रस्ता! पंख्यासारखा घड्या घातलेला लांबलचक कागद, त्यावर एकाला एक लागून फोटो. औषधांचे दुकान, त्याच्या शेजारी झेरॉक्सवाला, मग बंद पडलेले चित्रपटगृह. कुणी फोटोवाल्याने अख्खा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिपला होता आणि त्याचे पुस्तक केले होते. मागच्या बाजूला छापल्याचे साल होते, आणि ते साल नेमके हवे तेवढे जुने होते.

"आणि आपण? आपण दिसलो का?" फळवालीने तेव्हा धावत येऊन विचारले होते.

"पहिल्या चारपाच घड्याच उघड्या होत्या. आपली बाजू आत होती. दालनातली बाई हातच लावू देईना. पण दिसणार नाही तर जाणार कुठं? रोज तर बसतो!"

चावीवाल्याने दालनातूनच फोटोवाल्याचा नंबर मिळवला होता आणि त्या दिवसापासून सगळ्यांचे चेहरे बदलले होते. एकट्या चेनमावशीला तेव्हापासून जेवण जात नव्हते.

"आई, तुला काय होतंय?" लेकीने वाकून हळूच विचारले. "घाम किती आलाय."

"काही नाही. इकडे ये जरा." मावशी उठली आणि तिला पाण्याच्या पिंपापाशी घेऊन गेली. "त्या पुस्तकात कुणी नसणार."

"म्हणजे?"

"माणसं नसणार. रिकामा असणार फुटपाथ."

"तुला काय माहीत? तू कुठं बघितलंयस ते?"

मावशीने नळाखाली हात धरले, पण पाणी न पिताच ते खाली सोडून दिले.

"त्या दिवशी मीच सगळ्यांना उठवलं होतं," ती म्हणाली.

त्या काळी पालिकेची उचलगाडी यायची तिची एक रीत होती. आधी छोटी गाडी येई. तीत कॅमेरावाला बसलेला असे. तो फुटपाथचे फोटो काढी, म्हणजे नंतर कुणी 'मी नव्हतोच' म्हणायला नको. मागून मोठी गाडी येई आणि पाट्या, पेट्या, यंत्रे सगळे उचलून नेई. तेव्हा कॅमेरा दिसला की पळायचे, एवढे सगळ्यांना पाठ होते. पण दिसणार कुणाला? तर चेनमावशीला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले की चौकापर्यंतचा रस्ता दिसे. गिऱ्हाईक नसले की ती तिथे जाऊन उभी राही. कुणी नेमले नव्हते. दाताच्या डॉक्टरने जिना वापरू दिला आणि ते काम आपसूक तिच्याकडे आले. काही वावगे दिसले की ती पोटातून हाक मारी, "उचलाऽऽ!"

त्या एका हाकेवर फळवाली चादरीची चारही टोके गाठ मारून गठुडे काखेत घेई, चावीवाला फळी उलटी करून चाव्यांसकट बगलेत मारी, बूटकाका ब्रश आणि डब्या पोत्यात ओतत. चहाला उकळी फुटायच्या आत फुटपाथ असा दिसे, जणू तिथे कधी कुणी बसलेच नव्हते. मावशीचे यंत्र जड. ते चाकाच्या गाड्यावर होते तरी ढकलायला वेळ लागे, म्हणून ती स्वतः नेहमी शेवटी निघायची.

आणि एके दिवशी एक पांढरी गाडी आली. टपावर कॅमेरा बसवलेली, पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने. ती चौकात थांबलेली दिसताच मावशीने हाक मारली, आणि गाडी हलली तशी यंत्र ढकलता ढकलता पुन्हा एकदा. गाडी निघून गेली. मोठी गाडी आलीच नाही. बूटकाका नंतर आठवडाभर चिडवत होते, "मावशीला आता पांढरी गाय दिसली तरी ओरडेल." सगळे हसले आणि विसरले.

"मग आधीच का नाही सांगितलंस?" लेकीने विचारले.

"कसं सांगू? चावीवाला पेढे वाटायचा बाकी राहिला होता. आणि वाटलं, गाडी दुसरी असेल. दिवस दुसरा असेल."

"आणि नसली तर?"

मावशीने जिन्याकडे मान वळवली. जिन्यावर पावलांचा आवाज झाला होता.

फोटोवाला उंच, थोडा पोक आलेला माणूस होता. चपटी कापडी पेटी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "उशीर झाला, माफ करा," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "ही घरची एकच प्रत उरली आहे माझ्याकडे."

"साहेब, तुम्ही आमच्या जन्माचे उपकार केलेत," फळवाली म्हणाली. त्याने अवघडून मान हलवली.

आत मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. शेजारी कारकून आणि पुढ्यात फायलींचा ढीग. मॅडमनी ढीग बाजूला सरकवायला सांगितला. तरी पुस्तक मावेना. मग शिपायाने व्हरांड्यातले टेबल आत आणले, चावीवाल्याने खिडकीखालचे ओढले, आणि तिन्ही जोडून फोटोवाल्याने कागद उलगडायला सुरुवात केली.

रस्ता टेबलावर पसरत गेला. काळापांढरा. वरच्या पट्टीत डावी बाजू, खालच्या पट्टीत उजवी. प्रत्येक दुकान समोरून, सरळ, पट्टीने आखल्यासारखे. पाट्यांवरची अक्षरे वाचता येत होती.

"हे काय?" कारकून एकदम म्हणाला. त्याने पेनाचे टोक एका जागी रोखले. फोटोवाल्याने घाईने ते दूर केले. "हा विजेचा खांब बघा. इथं एक, आणि लगेच इथं तोच. पोस्टरसुद्धा तेच चिकटवलेलं. मॅडम, हे जोडकाम आहे. हे पुरावा म्हणून कसं घ्यायचं?"

चावीवाल्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"जोडलेलं आहेच," फोटोवाला म्हणाला. "गाडी थोडी पुढे गेली की एक फोटो. मग ते एकमेकांना जुळवले. खांब फुटपाथच्या कडेला आहे, कॅमेऱ्याच्या जवळ. दुकानं मागे आहेत. गाडी सरकली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. दुकानं जुळवली की खांब जुळत नाही. त्यामुळे तो दोनदा येतो. मी तो पुसला नाही. काहीच पुसलं नाही मी."

मॅडमनी आपले बोट डोळ्यासमोर धरून आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बोट उडी मारतं. पुढे चला."

"मॅडम, खांब दोनदा येतो ते ठीक," कारकून म्हणाला, "पण माणसं एकदाही दिसत नाहीत."

फळवालीने वाकून नाक कागदाला लावले. "बँकेच्या पाटीखाली बघा ना नीट. तिथंच असते मी. माझी चादर असेल, निदान चादर."

"बँकेच्या पाटीखाली फुटपाथ आहे, ताई."

"अहो, असं कसं? साहेब, तुम्ही सुट्टीच्या दिवशी आला होतात का?"

"नाही," फोटोवाला म्हणाला. "आदल्या दिवशी मी पायी येऊन रस्ता बघून गेलो होतो. तेव्हा गर्दी होती. तुम्हीच असाल, आता चेहरे आठवत नाहीत. दुसऱ्या दिवशी आलो तर हे असं. मलाही नवल वाटलं. पण मग वाटलं, हेच खरं. या पुस्तकाबद्दल लोक जे काही बोलले ते सगळं या रिकामेपणाबद्दलच बोलले. शांतता म्हणाले."

"आदल्या दिवशीचा फोटो आहे?" मॅडमनी विचारले.

"नाही. तेव्हा कॅमेरा आणला नव्हता."

बूटकाका मागे सरकून भिंतीला टेकले. चावीवाला मात्र अजून घडीमागून घडी बघत पुढे सरकत होता, ओठ आवळून, एखाद्या कुलपात चावी चाचपावी तसा. दवाखान्याच्या जिन्यापाशी तो थांबला.

"मावशी," तो म्हणाला. "ही तू आहेस."

सगळे तिथे गोळा झाले. जिन्याखाली शिवणयंत्राचा गाडा अर्धा आत, अर्धा बाहेर होता. तो ढकलता ढकलता एक बाई मध्येच ताठ उभी राहिली होती. एक हात गाड्यावर, दुसरा डोक्याच्या वर. मान डावीकडे वळलेली. तोंड उघडे, इतके उघडे की गळ्याच्या शिरा दिसत होत्या. सबंध रस्त्यावर ती एकटीच होती.

"हिला मी काढणार होतो," फोटोवाला हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे तेवढा भाग पुन्हा टिपणार होतो. पण उजेड तसा परत मिळाला नाही. सूर्य समोरच्या इमारतीवर यावा म्हणून मी चौकात बराच वेळ थांबलो होतो."

"थांबला होतात ते दिसत होतं आम्हाला," मावशीच्या तोंडून निघून गेले. "तुम्ही उजेडाची वाट बघत होतात, आम्ही तुम्ही कधी जाताय याची."

फोटोवाल्याने तिच्याकडे बघितले, मग फोटोकडे, आणि मग त्या सगळ्या मोकळ्या फुटपाथकडे. त्याचा हात पेटीच्या झाकणावर होता तो तसाच राहिला.

"ही ती हाक आहे," बूटकाका म्हणाले. "पांढऱ्या गाडीची." त्यांना हसू आले, पण ते अर्ध्यातच विझले. "म्हणजे मावशी, त्या दिवशी आपण पळालो ते ह्याच्यापासून?"

"हो."

"आणि तुला हे माहीत होतं? इतके दिवस?" फळवालीचा आवाज चढला. "आम्ही इथं नवस बोलायच्या बेताला आलोय आणि तू गप्प?"

"ताई, बाहेर जाऊन भांडा," कारकून म्हणाला.

मॅडमनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी फोटो बघितला, मग मावशीला. "या तुम्हीच?"

लेकीने मावशीच्या कोपराला चिमटा काढला.

"मीच."

"यंत्रही दिसतंय. साल आहे, छापील आहे, काढणारा हजर आहे. तुमचं काम झालं, बाई. तुमची जागा मी आजच लिहून देऊ शकते." त्यांनी एक कागद ओढला, आणि लिहिता लिहिता त्यांची नजर पुन्हा फोटोकडे गेली. "हाक कुणाला मारताय यात?"

कारकुनाने घड्याळात बघितले. लेक तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आई, 'कुणालाच नाही' म्हण."

मावशी टेबलाजवळ गेली. तिने कागदाला हात लावला नाही, फक्त बोट वरून फिरवले. "हा चावीवाला इथं, जिन्याला लागून. बूटकाका ह्या बाकड्याशी. ही फळवाली, बँकेच्या पाटीखाली. त्यांना. माझी हाक ऐकली म्हणून ते गेले. मी ओरडले नसते तर ह्या साहेबांच्या फोटोत सगळे आले असते."

"पण आले नाहीत ना," कारकून म्हणाला.

"रिकाम्या फुटपाथला कुणी हाका मारतं का?"

मॅडमनी पेन खाली ठेवले. पंख्याची टक्‌टक् आतपर्यंत ऐकू येत होती.

"हे बघा, मी स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ते खोटं आहे असं मला वाटत नाही. पण मला वाटून उपयोग नाही. ज्यांचा फोटो आहे त्यांना मी जागा देऊ शकते. ज्यांचा नाही त्यांना मी देऊ शकत नाही. तुमचं म्हणणं साक्ष म्हणून मी यांच्या अर्जाला जोडू शकते, पण मग तो चौघांचा एकच अर्ज होतो. तो वर समितीकडे जाईल. ते मान्य करतील, न करतील. नाही केला, तर चौघांचाही गेला. तुमचासुद्धा. आणि रस्त्याचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, समिती काही त्याच्यासाठी थांबायची नाही. विचार करा. मला कुणालाही भरीला घालायचं नाही."

लेकीने मावशीला दंडाला धरून खिडकीपाशी नेले. आवाज दबका ठेवायचा तिचा प्रयत्न होता, पण खोली लहान होती.

"आई, तू एक शब्द बोलू नकोस. सही कर आणि चल. कायमची जागा आहे. डोक्यावर छप्पर असेल. उन्हात बसून डोळे गेले तुझे, सुईत दोरा मी ओवून देते रोज सकाळी. समिती म्हणजे काय ते माहितीये तुला? काय देणं लागतेस तू ह्यांचं? चिडवतात तुला येता जाता!"

"चिडवतात, पण मला बघून उठतात," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"मी हाक मारली की कुणी 'का' म्हणून विचारलं नाही कधी. हातातलं गिऱ्हाईक सोडून उठायची."

बूटकाका भिंतीपासून पुढे आले. "घे गं मावशी. लेक बरोबर बोलतेय. एकीचं तरी होऊ दे. मी काय, गुडघे गेलेत, आज ना उद्या बसणं बंदच होणार माझं."

"तुमचे गुडघे वीस वर्षं जातायत," फळवाली म्हणाली. तिने पदराने नाक पुसले. ती मावशीकडे बघत नव्हती. "मी काही म्हणत नाही. मला आत्ता काही म्हणायला सांगू नका."

चावीवाला अजून फोटोवर वाकलेला होता. "घे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, मावशी," तो न बघताच बोलला. "दोन पोरं आहेत. आणि नको म्हणायचा मला हक्क नाही. तेव्हा मला विचारूच नको."

मॅडमनी जागेचा कागद टेबलाच्या कडेला सरकवला. त्यावर मावशीचे खरे नाव लिहिलेले होते. इतक्या वळणदार अक्षरात तिने ते कधी बघितले नव्हते. ती जवळ गेली. पेन हातात घेतले. लेकीने सुटकेचा श्वास सोडला.

मावशी बराच वेळ आपले नाव वाचत राहिली. मग तिने पेन कागदावर आडवे ठेवले.

"एका हाकेत ह्यांना उठवलंय मी," ती म्हणाली. "आता सहीनं पण उठवू?"

"आई!"

"जोडा, मॅडम. चौघांचा एक करा."

"नक्की?"

"मागनं रडत येणार नाही मी. आले तर हाकलून द्या."

लेकीने पर्स खांद्याला अडकवली. "उद्या मला काही सांगायचं नाही," ती म्हणाली आणि निघून गेली. दाराचा आवाज झाला नाही. तिने ते मुद्दाम हळू लावले होते आणि मावशीला तेच जास्त लागले.

"मग तेवढ्या भागाची झेरॉक्स लागेल," कारकून कंटाळलेल्या आवाजात म्हणाला. "प्रत्येकानं आपण बसत होतो त्या जागी फुली करायची आणि खाली सही."

तो कागद उचलायला गेला तसा फोटोवाला पुढे झाला. झेरॉक्सच्या यंत्राखाली पुस्तक जाणार म्हटल्यावर तो नको म्हणणार असे सगळ्यांना वाटले. "थांबा. घडीवर दाब पडला तर फाटेल. मी धरतो," तो म्हणाला. यंत्रापाशी जाऊन त्याने स्वतः दोन्ही हातांनी कागद काचेवर सपाट केला. उजेडाची पट्टी त्याच्या बोटांखालून सरकत गेली. एकदा, पुन्हा, पुन्हा. "पुसट आली," तो म्हणाला. "आणखी गडद करा. बाईंचा चेहरा नीट यायला पाहिजे."

निघालेले कागद शिपायाने चिकटपट्टीने जोडले. काळे जास्तच काळे झाले होते आणि फुटपाथ पांढराशुभ्र.

मावशीने आधी सही केली, स्वतःच्या पायापाशी. तिच्या लगत चावीवाल्याने फुली मारली, इतकी ठासून की कागदाला भोक पडले. त्याने नाव लिहिले आणि पेन पुढे दिले. फळवालीने बँकेच्या पाटीखाली मोठी, ऐसपैस फुली काढली.

"ए बाई, एवढी कुठं बसतेस तू?" बूटकाका म्हणाले. "तुझी चादर ह्या खिडकीपर्यंत. इथून पुढं माझं."

"वा रे वा! रोज तुमचं पोतं माझ्या केळ्यांना टेकलेलं असतं ते?"

"तुझी केळी माझ्या पोत्याला टेकलेली असतात!"

"काका, आज तरी गप्प बसा," चावीवाला म्हणाला.

"का गप्प बसू? आता हे सरकारी कागदावर चाललंय. एक वीत इकडची तिकडं गेली तर जन्माची गेली."

"अहो, तुम्ही भांडताय कशाला?" कारकून वैतागला. त्याने पेनाने दाखवले. "ह्या बाजूला बघा की, तुमच्या आणि चावीवाल्याच्या मधे एवढी जागा मोकळी आहे. तिकडं सरका ना."

बूटकाकांनी त्या जागेकडे बघितले.

"तिथं छत्रीवाला बसतो," ते म्हणाले.

"मग तो कुठंय? त्याला बोलवा, सही लागेल."

फळवाली पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

"तो गेला," मावशी म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात."

"गेला ना? मग झालं तर. घ्या तिकडं सरकून, दोघांनाही ऐसपैस होईल."

चावीवाला मान खाली घालून नखाने चिकटपट्टी खरवडत राहिला. बूटकाकांनी पेन घेतले. फळवालीच्या फुलीला अगदी खेटून, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, त्यांनी आपली फुली बसवली आणि खाली सही केली. अक्षरांना जागा पुरेना, तेव्हा शेवटची दोन अक्षरे त्यांनी एकावर एक लिहिली. फळवाली बघत होती, पण या वेळी तिने काही म्हटले नाही.

मॅडमनी कोपऱ्यात तारीख घातली आणि कागद कारकुनाकडे दिला. त्याने शिक्का शाईच्या डबीत दाबला आणि कुठे मारावा म्हणून कागदभर नजर फिरवली. दुकाने काळीभोर होती, फुटपाथ सह्यांनी भरला होता. मधला तेवढा तुकडा पांढरा होता, शिक्क्याच्या मापाचा. त्याचा हात त्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्याने एकदा समोरच्या चौघांकडे बघितले. मग हात बाजूला घेऊन त्याने कागदाच्या अगदी कडेला शिक्का मारला, अर्धा कागदावर, अर्धा टेबलावर.